माझी प्रोस्टेट आणि घरातल्या गोळ्या

आमच्याकडे पन्नाशी उलटलेला माणूस रात्री चार वेळा उठला तरी त्याचं कोणाला काही वाटत नाही. थंडी आहे म्हणतात, झोपताना पाणी कमी पी म्हणतात, फार तर शुगर तपासून घे म्हणतात. माझी शुगर तपासली, ती नव्हती, विषय संपला. त्यातून हिवाळ्यात हे दुखणं लपूनही राहतं. तूर शेंगेवर आणि हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं अन् रोही वावरात उतरतात, आणि आमच्या आर्वी तालुक्यात कितीतरी कास्तकारांच्या रात्री जागलीत जातात. मचाणावर माणूस जागाच असतो. तो किती वेळा खाली उतरून धुऱ्यावर उभा राहिला हे मोजणार कोण?

मला ते जाणवलं गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना काही फार लांबत नाही, पण मला तेवढाही दम निघेना. मधून उठायचं म्हणजे सगळ्यांच्या नजरा. बाहेर जाऊन उभं राहावं तर धार सुरूच होत नाही. वाट पाहायची, मग बारीक धार, मग थांबते, मग पुन्हा थेंब थेंब. आत येऊन बसलो की वाटतं, अजून उरलीच आहे. एसटीत खिडकीची जागा मी केव्हाच सोडली होती. दाराजवळ बसायचं आणि गाडी थांबली की सगळ्यात आधी उतरायचं.

यावर गावात एकच निदान चालतं : कमजोरी आली. आठवडी बाजारात पालात बसणारा जडीबुटीवाला 'धार बारीक झाली' एवढं ऐकलं की थेट ताकदीच्या पुडीला हात घालतो. पानठेल्यावरच्या एका मित्रानं मला सफेद मुसळी आणून दिली. "घे लेका, ह्या वयात मानसाले लागतेच," खर्रा घोटता घोटता म्हणाला. सगळ्यांचा हिशेब हाच, की पुरुषाच्या अंगातलं काहीतरी आटलं. मला पुढे जे कळलं ते याच्या अगदी उलट होतं. आटलं काहीच नव्हतं. पुरुषाच्या अंगातला सगळ्यात जोरकस हार्मोन वर्षानुवर्षं मुकाट्यानं आपलं काम करत होता, त्याचा हा परिणाम होता. हे आमच्या बाजूच्या लोकांना कोणी सांगत नाही, म्हणून एवढं सगळं उघड लिहितो आहे. काही वाक्यं वाचून घरच्यांना लाज वाटेल. वाटू दे.

गाडी खरी अडली ती जानेवारीत. सर्दी झाली होती, नाक वाहत होतं, गावातल्या औषधाच्या दुकानातून सगळे घेतात तीच सर्दीची गोळी घेतली. रात्री ओटीपोट फुगून आलं आणि एक थेंब बाहेर पडेना. ज्यानं हे भोगलं त्यालाच कळतं. बसवत नाही, झोपवत नाही, उभं राहिलं तर पोटावर हात टेकवत नाही. पहाटे पोरानं गाडीवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला आजही पाठ आहे.

तिथं ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं पोटावर हात ठेवला आणि लगेच म्हणाला, "तुंबली आहे काका, नळी टाकावी लागेल." आधी सुन्न करणारी जेली आत सोडली. मग सोळा नंबरची पिवळसर रबरी नळी सरकवली. एका जागी ती अडली, त्यानं मला तोंडानं लांब श्वास घ्यायला लावला, आणि ती आत गेली. आत गेल्यावर सिरिंजनं दहा मिली पाणी भरून तिच्या टोकाचा फुगा फुगवतात, म्हणजे ती निसटत नाही. पिशवीत लघवी उतरू लागली तशी मी डोळे मिटून घेतले. लिटरभर तरी असेल. तेव्हा मला त्या पोराचे पाय धरावेसे वाटले होते.

त्यानं पहिला प्रश्न विचारला तो सर्दीच्या गोळीचा. या गोळ्यांत बहुतेक दोन औषधं असतात, त्यानं समजावलं. एक फिनाइलेफ्रिन, ते नाक मोकळं करतं पण मूत्राशयाचं तोंड आवळतं. दुसरं क्लोरफेनिरामिन, त्यानं शिंका थांबतात पण मूत्राशयाचा जोर ढिला पडतो. तरुण माणसाला काही होत नाही. ज्याची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखाली लघवीच्या नळीभोवती असलेली पुरुषाची ग्रंथी, वाढलेली आहे त्याची वाट बंद होते. प्रोस्टेट हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या संदर्भात ऐकला.

नळी आणि पिशवी घेऊन घरी आलो. पिशवीचं एक आहे, ती कायम पोटाच्या खाली राहिली पाहिजे, नाहीतर लघवी उलटी फिरते. म्हणजे चालताना हातात धरायची, बसताना खाटेच्या पायाला अडकवायची, आणि गाडीवर मागे बसलं की पायाजवळ लोंबकळत ठेवायची. भेटायला येणाऱ्यांची नजर पहिल्यांदा तिथंच जाते. बायकोनं जुन्या लुगड्याच्या काठाची एक थैली शिवली, तिच्यात ती पिशवी ठेवली, मग लोक माझ्या तोंडाकडे पाहून बोलू लागले.

ग्रामीण रुग्णालयातूनच चिठ्ठी मिळाली आणि आम्ही नागपूरच्या सुपरला, म्हणजे सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलला गेलो. आमच्या बाजूची माणसं 'मेडिकल', 'मेयो' आणि 'सुपर' एवढंच म्हणतात, पुढचं नाव कोणी घेत नाही. युरोलॉजीच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर सगळे माझ्याच वयाचे, अर्ध्या लोकांच्या हातात पिशव्या. एवढे लोक एकाच दुखण्याचे पाहून मला, खरं सांगतो, बरं वाटलं. यवतमाळकडचा एक म्हातारा शेजारी होता, तो म्हणाला, "गावात मले वाटे का मलेच होऊन राह्यलं हे."

आत एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं सात प्रश्न विचारले. नळी टाकण्याआधीच्या महिन्यातलं सांगा, म्हणाली. लघवी झाल्यावर उरल्यासारखी वाटते का, दोन तासांत पुन्हा जावं लागतं का, मधे थांबते का, रोखून धरता येते का, धार बारीक आहे का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. सातपर्यंत किरकोळ, एकोणीसपर्यंत मध्यम, वीसच्या पुढे जास्त. मला बावीस मिळाले. शाळेत कधी एवढे मिळाले नव्हते. शेवटी आणखी एक प्रश्न असतो, तो वेगळा मोजतात : उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? तिनं तो अगदी साध्या आवाजात विचारला. माझं उत्तर यायला वेळ लागला.

मग मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. डाव्या कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून, गुदद्वारातून बोटानं. आमच्याकडचे कितीतरी पुरुष याच एका गोष्टीसाठी डॉक्टरकडे जात नाहीत हे मला ठाऊक आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नको वाटतं, दुखत नाही. बोटाला कडक गाठ लागते का ते पाहतात, कारण कडक गाठ असली तर कॅन्सरचा विचार करावा लागतो. माझी वाढलेली पण गुळगुळीत होती. सोनोग्राफीत ५८ ग्रॅम निघाली. जवान माणसाची वीसेक ग्रॅमची असते. कॅन्सरची शंका आहे का ते पाहायची रक्ताची पीएसए ही तपासणी मात्र लगेच केली नाही. लघवी तुंबल्यावर आणि नळी घातल्यावर तो आकडा आपोआप वर जातो, म्हणून काही आठवडे थांबून करू, म्हणाले.

मी विचारलं, "साहेब, हे कमजोरीनं झालं का?"

डॉक्टर हसले. केसपेपरच्या पाठीमागे त्यांनी एक चित्र काढलं : मूत्राशय, खाली लघवीची नळी, आणि नळीभोवती सुरुवातीलाच बसलेली प्रोस्टेट. वाढते ती आतल्या बाजूनं, नळीवर. मग बाजूला त्यांनी 'टेस्टोस्टेरॉन' लिहिलं, त्याच्यापुढे बाण काढला आणि बाणाच्या टोकाला 'डीएचटी'. म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. अंडकोषात टेस्टोस्टेरॉन तयार होतं. त्यातला थोडाच भाग, शेकडा पाच ते दहाच्या आसपास, फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज नावाचं एन्झाइम बदलून डीएचटी करतं. हे काम प्रोस्टेटमध्ये, कातडीत, केसांच्या मुळाशी चालतं. पेशीत ज्या जागी हा हार्मोन बसतो त्या जागेला तो टेस्टोस्टेरॉनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि लवकर सोडत नाही. म्हणून थोडा असूनही भारी. दाढी, अंगावरचे केस, डोक्यावरचं टक्कल आणि म्हातारपणी वाढणारी प्रोस्टेट, सगळ्यांत त्याचा हात.

"म्हंजे माझ्यात तो जास्त झाला?"

"जास्त नाही. वय वाढतं तसं टेस्टोस्टेरॉन उलट हळूहळू कमीच होतं. पण प्रोस्टेटमधलं एन्झाइम काम थांबवत नाही. तिथं डीएचटी बनतच राहतो, आणि ग्रंथी वाढत राहते. ज्यांचे अंडकोष वयात येण्याआधीच काढले त्यांना हे दुखणं होत नाही."

हे शेवटचं वाक्य कास्तकाराला समजावून सांगावं लागत नाही. गोऱ्हा तसाच ठेवला तर त्याचा वळू होतो, वशिंड येतं, मान भरते, कोणाला जुमानत नाही. ठेचला की तोच बैल होऊन जुवाखाली मुकाट मान घालतो. एवढा फरक करणारी चीज अंगात साठ वर्षं फिरत असेल तर ती एखाद्या जागी जास्तीचं काम करून ठेवणारच. मी मुसळीची पुडी मनातल्या मनात उकिरड्यावर टाकली.

औषधं दोन. एक टॅमसुलोसिन, ०.४ मिलिग्रॅम. ते नळीभोवतीचे स्नायू सैल करतं, त्याचा गुण दोन-चार दिवसांत येतो. दुसरं ड्युटास्टेराइड, अर्धा मिलिग्रॅम, मऊ कॅप्सूल. ते त्या एन्झाइमला अडवतं, डीएचटी बनूच देत नाही. रक्तातला डीएचटी नव्वद टक्क्यांच्या वर खाली येतो, पण ग्रंथी आकसायला सहा महिने ते वर्ष लागतं. दोन्ही मिळून एकच गोळीही येते, जनऔषधीच्या दुकानात ती बरीच स्वस्त पडते. अमेरिकेत अशा दोन जातींची औषधं तीन हजारांवर पुरुषांना कैक वर्षं देऊन पाहिली होती, आणि २००३ साली त्याचा निकाल छापून आला : दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचं दुखणं वाढण्याचं प्रमाण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा ६६ टक्क्यांनी कमी. डॉक्टरांनी हा आकडा मुद्दाम सांगितला, कारण सहा महिने काही दिसत नाही म्हणून लोक गोळ्या सोडून देतात.

आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यानं मी चक्रावलो. "घरात कोणी गरोदर आहे का?"

माझ्या लघवीचा आणि सुनेच्या पोटाचा काय संबंध? पण सून तिसऱ्या महिन्यात होती, आणि घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांचे डबे तीच भरायची. माझी बीपीची, तिच्या सासूची थायरॉइडची, सगळं. मी हो म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, पोटात मुलगा असेल तर साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात त्याचे बाहेरचे अवयव घडतात, आणि ते घडवतो हाच डीएचटी. ते दिवस चालू असताना आईच्या अंगात हे औषध गेलं तर त्या घडणीत खोट राहू शकते. ते कातडीतूनही आत शिरतं. म्हणून गळकी, फुटलेली कॅप्सूल गरोदर बाईनं हातात धरायची नाही. धड असेल तर फार भीती नाही, तरी दूरच बरं.

तेवढ्यात माझ्या मागे उभा असलेला पोरगा बोलला, "सर, मी पण फिनास्टेराइड घेतो. केसांसाठी."

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. लग्न जमण्याच्या आधीपासून तो घेत होता, चामडीच्या डॉक्टरनं लिहून दिलेली. बरं, घ्यायची एक मिलिग्रॅमची, ती महाग पडते, म्हणून हा पाच मिलिग्रॅमची आणायचा आणि ब्लेडनं तिचे तुकडे करायचा. कुठं? सैपाकघराच्या ओट्यावर. भुकटी फडक्यानं पुसायचा. ते फडकं सून धुवायची.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. धड गोळीवर कोटिंग असतं, ते फोडलं की भुकटी उडते, आणि नेमकी तीच टाळायची असते, हे त्यांनी त्याला चांगलं खडसावून सांगितलं. तुझी आणि तुझ्या बापाची गोळी एकाच घराण्यातली आहे, म्हणाले. पाच मिलिग्रॅमची प्रोस्टेटसाठी, एकची टकलासाठी. बाप-लेक एकाच हार्मोनशी भांडत होतो आणि एकमेकांना पत्ता नव्हता.

परतीच्या एसटीत पोरानं मोबाइलवर शोधून मला या औषधाचा उगम वाचून दाखवला. डोमिनिकन रिपब्लिक नावाच्या देशात सालिनास म्हणून एक खेडं आहे. तिथं काही लेकरं जन्मताना मुलीसारखी दिसत, मुली म्हणून वाढत, आणि वयात आल्यावर आवाज फुटे, अंग भरे, पुरुषासारखी होत. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टरीण बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७४ साली कारण छापलं : या लेकरांत ते एन्झाइमच पुरेसं नसतं, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन असूनही डीएचटी बनत नाही. मोठे झाल्यावर त्यांची प्रोस्टेट लहानच राहते आणि टक्कलही पडत नाही. त्यावरून औषधवाल्यांच्या डोक्यात आलं, की हे एन्झाइम गोळीनं अडवलं तर? अमेरिकेत फिनास्टेराइडला १९९२ साली प्रोस्टेटसाठी परवानगी मिळाली, १९९७ साली टकलासाठी. कुठलं ते समुद्रापलीकडचं खेडं आणि कुठं आमचं संत्र्याच्या बगिच्यातलं! मी ऐकत होतो, पिशवी पायाशी होती, आणि पहिल्यांदाच एसटीत मला उतरायची घाई नव्हती. नळीचा तेवढा एक फायदा.

घरी मात्र पुढचं काम अवघड होतं. सासऱ्यानं सुनेला हे सांगायचं कसं? आमच्या घरात ती माझ्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू देत नाही. मी बायकोला पुढे केलं, बायकोला ते धड सांगता येईना, शेवटी पोरानं सांगितलं आणि ती रडायला लागली. माजघरातून आवाज येत होता. मग ती स्वतःच दाराशी येऊन उभी राहिली. "मामाजी, त्या दिवशी तं मी ओटा हातानंच पुसला होता. आता काय होईन?"

मी डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. लागलं असेल तर साबणानं हात धुवायचे, घाबरायचं नाही, आणि तिच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगायचं. तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी सोनोग्राफीच्या तारखा नीट पाळायला सांगून तिला धीर दिला. त्या दिवसापासून माझ्या गोळ्यांचा डबा देवघराच्या वरच्या फळीवर, तो मीच उघडतो. पोरानं केसांची गोळी बंद केली. बायको म्हणाली, बरं झालं, केस गेले तर गेले. पोटात मुलगा आहे की मुलगी हे आधी कळत नाही, कळूही नये, म्हणून घोर पुढे सहा महिने टिकला. पावसाळ्यात नात झाली. मुलगी म्हटल्यावर ती सगळी भीती आपोआपच गळून पडली. ज्या घरांत मुलगी झाली म्हणून तोंडं पडतात तशांनी आमच्या घरातला त्या दिवशीचा आनंद बघायला पाहिजे होता.

माझी नळी गोळ्या सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत काढली. काढणं सोपं, फुग्यातलं पाणी ओढून घेतात आणि नळी सरकन बाहेर. खरी परीक्षा नंतर. पाणी पीत बाकावर बसायचं आणि लघवीची वाट पाहायची. झाली नाही तर पुन्हा नळी, आणि मग ऑपरेशनचं बोलणं. दुर्बिणीतून आतली वाढ खरवडून काढतात, टीयूआरपी म्हणतात त्याला. माझ्या शेजारचा माणूस डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. मला लागली तेव्हा मी जवळजवळ पळालो. मशीनच्या नरसाळ्यात करायची असते, ते सेकंदाला किती मिली धार पडते हे कागदावर उमटवतं. पंधराच्या वर चांगली, दहाच्या खाली अडलेली. माझी नऊ. "चालते," डॉक्टर म्हणाले. पोटात उरलेली सोनोग्राफीत पाहिली, ती फार नव्हती. घरी सोडलं.

टॅमसुलोसिनचं एक ध्यानात ठेवावं लागतं. रात्री जेवण झाल्यावर घ्यायची, आणि रात्री उठलं की आधी खाटेवर बसायचं, मग उभं राहायचं. झटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते.

ड्युटास्टेराइडचे पुढचे महिने म्हणजे नुसतं थांबणं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. एका गोष्टीबद्दल मात्र सगळे गप्प राहतात, मी राहत नाही. इच्छा कमी होते. सगळ्यांची होत नाही, माझी झाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ताठरता कमी होऊ शकते, वीर्य कमी पडू शकतं, क्वचित स्तन दुखतात, सुजतात. आधी कोणी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही. न सांगता झालं असतं तर मी पुन्हा त्या पालातल्या जडीबुटीवाल्याकडे गेलो असतो, हे नक्की. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "रातभर झोपता न आता? मंग झालं." चाळीस वर्षांच्या संसारात तिनं केलेला हा सगळ्यात छोटा न्याय.

पीएसएची गंमत वेगळीच. ड्युटास्टेराइड सुरू होण्याआधी, ठरल्याप्रमाणे थांबून, तो काढला होता तेव्हा ३.६ होता. चारच्या आत होता, म्हणून निभावलं. वर्षाच्या आत पुन्हा काढला तर १.७. आमच्या बाजूला रिपोर्ट वाचणाऱ्या एकानं माझी पाठ थोपटली, वा, अर्ध्यावर आलं म्हणाला. नागपुरात कळलं की या औषधावर पीएसए आपोआपच निम्मा होतो. खरा अंदाज घ्यायचा तर आलेल्या आकड्याला दोननं गुणायचं. म्हणजे माझा ३.४, जवळपास होता तेवढाच. आणि हे औषध चालू असताना आकडा खाली न येता वर चढू लागला, तो चारच्या आत असला तरी, तर तीच धोक्याची खूण. म्हणून मी रिपोर्टच्या प्रत्येक कागदावर वर लाल पेनानं लिहून ठेवतो : ड्युटास्टेराइड चालू. वाचणारा कोणीही असो, त्याला ते दिसलं पाहिजे.

ग्रंथी ५८ वरून ४४ वर आली. रात्री एकदा उठतो, कधी तेवढंही नाही. ते सात प्रश्न पुन्हा विचारले, नऊ गुण पडले.

काही गोष्टी मात्र बंद झाल्या. गावात रक्तदान शिबिर झालं की माझं नाव पहिल्या पाचांत असायचं. या वेळी टेबलावरच्या मुलीला गोळी सांगितली, तिनं फॉर्म परत दिला. ड्युटास्टेराइड अंगातून जायला फार वेळ लागतो, बंद केल्यावरही सहा महिने रक्त द्यायचं नसतं, कारण ते एखाद्या गरोदर बाईला चढलं तर पुन्हा तोच प्रश्न. फिनास्टेराइडला महिनाभर पुरतो, म्हणून पोरानं दिलं.

मोतीबिंदूच्या शिबिरातही असंच. टॅमसुलोसिन घेणाऱ्याच्या डोळ्याची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट फाकत नाही, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो, त्यामुळे सर्जनला आधी माहीत असलं तर तो तयारीनं बसतो. हे २००५ पासून डोळ्यांच्या डॉक्टरांना ठाऊक आहे, पण शिबिरात शंभर म्हाताऱ्यांच्या रांगेत कोण विचारणार? आपणच सांगायचं. मी सांगितलं तेव्हा त्या मॅडमनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि माझ्या मागच्या चौघांनाही विचारलं. त्यातले दोघं निघाले.

आता लोक माझ्याकडे येतात, बहुतेक अंधार पडल्यावर, आणि आधी पाऊसपाण्याचं, कापसाच्या भावाचं बोलून मग हळूच विषय काढतात. परवा शेजारच्या वावरातला आला. "भाऊ, तुह्या गोळ्यातल्या दहा-पंधरा दे न, पाहून घेतो गुण येते का." मी नाही म्हटलं. त्याला राग आला, चार आण्याचं काम नाही करत म्हणाला. त्याला बसवून सांगितलं, की आधी पीएसए काढल्याशिवाय ही गोळी पोटात गेली तर आकडा खोटा पडेल, आणि आत काही वेगळं असेल तर ते झाकलं जाईल. बोटाची तपासणी होते हेही सांगितलं, लपवलं नाही. तो बराच वेळ खाली मान घालून बसला. गुरुवारी पोराच्या गाडीवर निघणार आहे. सर्दी झाली तरी दुकानातली गोळी घेऊ नको, सगळे जुने कागद सोबत ने, आणि ओपीडीत नंबर लागल्यावर पाणी पीत बस, लघवी साठलेली नसली तर धार मोजायचं मशीन काही दाखवत नाही, एवढं त्याला लिहून दिलं. सुनेला दिवस गेलेत का, हेही विचारून घेतलं.